धसका बसला की मेंदूत काय होतं, आणि त्यातून सावरायचं कसं

‘पोरानं धसका घेतलाय’, ‘त्या अपघातापासून तिनं हाय खाल्लीय’. बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठल्याही गावात हे ऐकू येतं, आणि त्याला जोडून ठरलेला सल्लाही येतो: ‘विसरून जा म्हणावं.’ सल्ला मायेपोटी दिलेला असतो, पण तो चुकीचा आहे. धसका बसलेला माणूस विसरायचा प्रयत्न आधीच दिवसरात्र करत असतो आणि त्यातच दमतो. त्या आठवणीला तारीख आणि ठिकाण चिकटलं, ‘ते तेव्हा झालं, आता मी इथे आहे’ हे शरीराला पटलं, की तो सावरू लागतो. खाली सांगितलेलं सगळं त्या एका कामासाठी आहे.

मेंदूत नेमकं काय घडतं

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगेचं पाणी चिक्कोडी-निपाणी भागातल्या घराघरांत शिरलं. समजा, अशा एका घरातली बाई आजही पत्र्यावर पावसाचा ताशा वाजू लागला की अंथरुणात उठून बसते. पाणी आलेलं नाही हे तिला कळतं. तरी छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, नजर उंबऱ्यावरून हलत नाही.

कानशिलाच्या आत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डाला. धोका हेरणं हे त्याचं काम, आणि ते तो विचार पोचायच्या आत करतो. त्यानं इशारा दिला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरतं, पाठोपाठ कॉर्टिसॉल येतं. हृदय जोरात चालतं, पचन थांबतं, स्नायू ताठरतात. खऱ्या पुरात यानंच जीव वाचवला.

त्याच्या शेजारी हिप्पोकॅम्पस असतो. कुठे, केव्हा, कशानंतर काय झालं याची नोंद तो ठेवतो. तलाठ्याच्या दप्तरासारखं त्याचं काम आहे. अतोनात भीतीच्या क्षणी अमिग्डालातला ठसा अधिकच खोल उमटतो आणि नेमकं त्याच वेळी या दप्तराचं काम विस्कटतं. म्हणून चिखलाचा वास, गोठ्यातल्या म्हशीचं हंबरणं, अंधारातली हाक हे सगळं लख्ख राहतं. पण त्याचा क्रम आणि तारीख लागत नाही. तारीख नसलेली आठवण वर आली की ती आठवण वाटतच नाही, आत्ता घडतंय असं वाटतं. जबाब देताना माणूस मागचं पुढे सांगतो, मधलं काही त्याला आठवत नाही, तेही याचमुळे. त्याला खोटारडा ठरवू नका.

तिसरा भाग कपाळामागचा. भीतीला लगाम घालणारा, ‘पाऊसच आहे, झोप’ म्हणणारा. धसका मुरला की हा लगाम सैल पडतो. स्कॅन केलेल्या अभ्यासांत अशा रुग्णांचा हिप्पोकॅम्पस सरासरीनं लहान आढळतो, त्यावरून ‘मेंदू आक्रसला’ अशा घाबरवणाऱ्या गोष्टी पसरतात. पण युद्धावर गेलेल्या सैनिकांच्या, स्वतः युद्ध न पाहिलेल्या जुळ्या भावांचा २००२ साली अभ्यास झाला. ज्या सैनिकांना हा धसक्याचा आजार झाला होता, त्यांच्या घरी राहिलेल्या भावांतही हिप्पोकॅम्पस लहान असल्याचं त्यात दिसलं. म्हणजे सगळा फरक त्या घटनेनं केलेला नसतो. मेंदू कायमचा नासला असं समजून बसू नका.

एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. हल्ल्याच्या वेळी कित्येकांचं शरीर लाकडासारखं होतं, आवाज फुटत नाही. ही मेंदूच्या तळाची आपोआप येणारी प्रतिक्रिया आहे, प्राण्यांतही दिसते. ‘मग ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न अत्याचार सोसलेल्या बाईला किंवा मुलाला कुणीही विचारू नये. तो प्रश्न ते स्वतःला रोज विचारत असतातच.

किती दिवसांत काय अपेक्षित आहे

झोप उडणं, दचकणं, सारखं तेच डोळ्यांपुढे येणं हे पहिल्या काही आठवड्यांत जवळजवळ सगळ्यांनाच होतं. तो आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे जगातली सुमारे ७० टक्के माणसं आयुष्यात कधी ना कधी अशा प्रसंगातून जातात, त्यांतल्या ५.६ टक्के जणांना पुढे पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, होतो. लैंगिक अत्याचारानंतर हे प्रमाण बरंच जास्त असतं.

एक महिना उलटला तरी पुढची चारही लक्षणं टिकून असतील आणि काम, संसार, शाळा अडत असेल तर डॉक्टरकडे जायचं: प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटणं किंवा त्याची स्वप्नं; त्या जागा, माणसं, विषय टाळणं; मन सुन्न होणं किंवा ‘माझ्यामुळेच झालं’ हा विचार; आणि सतत सावध राहणं, चिडणं, दचकणं. जीव द्यायचा विचार येत असेल तर महिना मोजायचा नाही, त्याच दिवशी जायचं.

पहिले तीन दिवस

यात औषधापेक्षा व्यवस्था महत्त्वाची. पाहा, ऐका, जोडा असा क्रम ठेवा.

पाहा: माणूस खरोखर सुरक्षित आहे का, जखम आहे का. पुणे-बंगळूर हायवेवरच्या अपघातात डोक्याला मार असेल आणि उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी असेल तर ती भीती समजू नका. १०८ ला फोन करून दवाखान्यात न्या. कोरडे कपडे, गरम चहा, अंगावर घोंगडं, ओळखीचं माणूस शेजारी. पुराच्या निवारा केंद्रात एका घरातली माणसं एकाच खोलीत राहतील एवढं बघितलं तरी खूप होतं.

ऐका: तो बोलला तर ऐका, गप्प बसला तर तुम्हीही गप्प बसा. ‘सगळं बोलून टाक, मोकळं वाटेल’ म्हणून खोदून विचारू नका. घडल्या घडल्या एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्यानं पुढचा आजार टळत नाही, उलट काहींचा त्रास वाढतो. भेटायला येणाऱ्या प्रत्येकासमोर तीच कहाणी सांगायला लावणं हाही त्यातलाच प्रकार. घरातल्या एकानं दारातच सांगावं, ‘त्याला विचारू नका, माझ्याशी बोला.’ मोबाइलवर फिरणारे त्या प्रसंगाचे व्हिडिओ त्याच्यासमोर लावू नका.

जोडा: पंचनामा, नुकसानीचा अर्ज, हरवलेलं रेशनकार्ड, नातेवाइकांचा फोन. या कामांत कुणी सोबत आलं की शरीराचा इशारा लवकर खाली येतो, कारण उद्याचं काय हा निम्मा धोका तिथेच मिटतो.

झोपेची गोळी मेडिकलमधून आणून देऊ नका. अल्प्राझोलाम, डायझेपाम या गटातली औषधं पहिल्या महिन्यात या त्रासासाठी देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ सालीच सांगितलंय. त्यांची सवय लागते, आणि मेंदूला जे नव्यानं शिकायचं असतं त्यात त्या आड येतात. दारूचंही तेच. ती झोप लावते, पण मध्यरात्रीनंतर झोप तुटते आणि स्वप्नं आणखी जोरात येतात.

घरी करायचे सराव

श्वास. नाकानं चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर. मिनिटाला सुमारे सहा श्वास होतात. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं, तेही मन शांत असताना. बहुतेक जण नेमकं उलट करतात, घाबरल्यावरच पहिल्यांदा आठवण होते आणि मोठमोठे श्वास भराभरा ओढतात. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि माणूस म्हणतो ‘श्वासानं जास्तच झालं’. श्वास मोठा नको, बाहेर सोडताना लांब हवा. काहींना डोळे मिटले की प्रसंगच दिसतो. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, किंवा श्वासाचा सराव बाजूला ठेवावा आणि अनवाणी अंगणात फिरावं.

आजमध्ये परत येणं. प्रसंग अंगावर आला की दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्या, चार वस्तूंना हात लावा, तीन आवाज ओळखा, दोन वास घ्या, एक चव. स्वयंपाकघरात हे सहज जमतं: डब्यातले मोहरीचे दाणे बोटांत घोळवा, कांदा-लसूण चटणीचा वास घ्या, गुळाचा खडा जिभेवर ठेवा. शेवटी मोठ्यानं बोलायचं: ‘आज गुरुवार, मी कारदग्यात माझ्या घरी आहे, पाणी नदीत आहे, पोरगं शेजारी झोपलंय.’ हे वाक्य गाळू नका. हिप्पोकॅम्पसच्या दप्तरात राहून गेलेली तारीख आपण इथे हातानं भरतो. ते वाक्य कागदावर लिहून उशाशी ठेवा, रात्री ऐन वेळी सुचत नाही.

झोप. उठायची वेळ एकच, आदली रात्र कशीही गेली तरी. दुपारी दोननंतर चहा बंद. आपल्या भागात हे सगळ्यात अवघड जातं, पण करून बघाच. वीस मिनिटं झोप आली नाही तर उठून दुसऱ्या जागी बसा, डोळे जड झाले की परत या. तेच तेच वाईट स्वप्न पडत असेल तर दिवसाउजेडी ते थोडक्यात लिहा, शेवट हवा तसा बदला (होडी येते, दोर मिळतो, पाणी ओसरतं) आणि बदललेलं स्वप्न रोज १० ते २० मिनिटं मनात चालवा. काही आठवडे लागतात. सर्वांत भयानक स्वप्नापासून सुरुवात करू नका, मधलं एखादं घ्या.

भीतीची शिडी. टाळल्यानं भीती जगते, हा या आजाराचा सगळ्यात चिवट भाग. समजा, पुरातून वाचलेला माणूस पुलावर पाय ठेवत नाही. एका कागदावर भीतीच्या ० ते १०० च्या मापानं पायऱ्या लिहा:

पुलाचा फोटो बघणं: ३०
नदी लांबून दिसेल अशा जागी सोबत्याबरोबर बसणं: ४०
पुलाच्या तोंडाशी उभं राहणं: ५५
सोबतीनं पूल ओलांडणं: ७०
एकट्यानं ओलांडणं: ८५

३० ते ४० च्या पायरीनं सुरुवात. तिथे थांबायचं, भीती निम्म्यावर येईपर्यंत. साधारण अर्धा ते पाऊण तास. रोज तीच पायरी, आणि ती २० च्या आसपास आली की वरची. भीती टोकाला असताना पळून आलात तर मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी ती पायरी आणखी उंच होते. म्हणून छोटी पायरी घ्या, पण पुरी करा. हातात देवाचा अंगारा घट्ट धरून किंवा सतत फोनवर बोलत केलं तर श्रेय त्या आधाराला जातं; शेवटच्या फेऱ्या तो आधार सोडून करा.

हा सराव फक्त आता सुरक्षित असलेल्या जागांसाठी. कल्लोळ-यडूर, भोज-कारदगा, जत्राट-भिवशी असे सखल पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातात. तेव्हाची भीती खरी असते आणि ती ऐकायची असते. नवरा आजही मारत असेल, तर तिथली भीती घालवायचा सराव करायचा नसतो. आधी सुटका: १८१ ही महिला हेल्पलाइन, तातडीला ११२. आणि प्रसंगाची मूळ आठवण घरच्या घरी उकरायची नाही. ते काम थेरपिस्टसमोरचं.

दवाखाना: कुठे जायचं, काय बोलायचं

सुरुवात फोननं करता येते. टेली-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट. २०२२ च्या १० ऑक्टोबरला हा नंबर सुरू झाला. भाषा निवडताना मराठी मागा. नाव सांगायची सक्ती नाही.

गावाजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र चिठ्ठी देऊ शकतं. कर्नाटकात तालुका रुग्णालयांत मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येण्याची ‘मनोचैतन्य’ नावाची योजना आहे. निघण्याआधी आशाताईंकडून त्या आठवड्याचा वार पक्का करा, फेरी वाया गेली की माणूस दुसऱ्यांदा यायला तयार होत नाही. बेळगावात सिव्हिल, म्हणजे बिम्स, तिथे मानसोपचार विभाग आहे. अवघड केससाठी धारवाडची डिमहान्स ही मानसोपचार संस्था. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं, थेरपी मराठीत हवी असेल तर ते सोयीचंही आहे. दर आठवड्याला जायचं असतं, म्हणून सगळ्यात नामांकित दवाखान्यापेक्षा एसटीनं सहज पोचता येईल असा निवडा. माजी सैनिकांना बेळगावच्या ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलीक्लिनिकमधून पुढे पाठवता येतं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या या शहराभोवती घरटी फौजी आहेत, आणि ‘जवान माणूस घाबरतो का’ या एका वाक्यापायी त्यातले कितीतरी जण नुसते चिडचिडे ठरवले जातात.

कन्नड येत नाही म्हणून मागे राहू नका. डॉक्टर, नर्स बहुधा मराठी समजतात; नाही समजलं तर तीन वाक्यं पुरतात: ‘निद्दि बरंगिल्ल’ म्हणजे झोप येत नाही, ‘केट्ट कनसु बीळताव’ म्हणजे वाईट स्वप्नं पडतात, ‘अंजिकि आगतैति’ म्हणजे भीती वाटते. बरेच जण नुसतं ‘अंग दुखतंय, धडधडतंय’ सांगतात आणि टॉनिक घेऊन परततात. प्रसंग काय होता ते एका ओळीत सांगाच. तपशील पहिल्याच दिवशी द्यावा लागत नाही. चाळिशीनंतर छातीत दुखत असेल तर आधी ईसीजी, आणि थायरॉइड व रक्तक्षय तपासून घ्या, तेही अशीच धडधड करतात.

उपचारात पहिला मान बोलण्याच्या थेरपीला. आघातावर बेतलेली सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्याची थेरपी) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवण हाताळण्याची थेरपी), साधारण ८ ते १६ बैठका, आठवड्याला एक, ६० ते ९० मिनिटांची. यात ती आठवण सुरक्षित खोलीत, ठरलेल्या गतीनं, क्रमानं पुन्हा सांगितली जाते. जुना ठसा पुसला जात नाही. त्यावर ‘हे संपलंय’ अशी नवी नोंद बसते आणि कपाळामागचा लगाम घट्ट होतो. सुरुवातीच्या बैठकांत काहींना त्रास थोडा वाढल्यासारखा वाटतो. काही जण इथेच सोडतात. सोडू नका, थेरपिस्टला सांगा, गती कमी करता येते. पहिल्याच भेटीत विचारा: ‘तुम्ही आघातासाठीची थेरपी शिकलात का? किती बैठका लागतील?’ नुसता धीर आणि उपदेश मिळत असेल तर ती ही थेरपी नव्हे.

औषधांत सर्ट्रालिन आणि पॅरॉक्सेटिन सर्वाधिक वापरली जातात. सर्ट्रालिन सहसा २५ किंवा ५० मिलिग्रॅमपासून सुरू करून गरजेप्रमाणे २०० पर्यंत नेतात; मात्रा डॉक्टरच ठरवतील. पहिले एक-दोन आठवडे मळमळ, पोट बिघडणं, थोडी बेचैनी होते. गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी आणि फायदा मागाहून, म्हणूनच ‘गोळी लागली नाही’ म्हणत लोक दहाव्या दिवशी बंद करतात. बरं वाटल्यावरही साधारण वर्षभर चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. एकदम तोडलं तर चक्कर, झटके आल्यासारखं वाटणं, चिडचिड होते.

घरच्यांसाठी

‘मी आहे इथंच’, ‘तुझी चूक नव्हती’, ‘आत्ता काय करू?’ एवढी तीन वाक्यं पुष्कळ कामाची आहेत. झोपेतून उठवताना अंगाला हात लावू नका. पायांशी उभं राहून नावानं हाक मारा. घरात फटाका, भांडं आदळणं, मागून येऊन खांद्यावर हात टाकणं टाळा.

बाहेरचं असेल म्हणून देवरुषीकडे नेणं, उतारा काढणं होतंच. श्रद्धेशी भांडू नका. सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन कुणाला धीर मिळत असेल तर जाऊ द्या. माणसांत बसणं, आरती, भजन यानं शरीर शांत होतं. पण मारणं, उपाशी ठेवणं, धुरी देणं, कोंडणं हे दुसरा आघात आहे. आणि डॉक्टरची गोळी देवासाठीही थांबवायची नाही.

लहान मुलं बोलून सांगत नाहीत. पुन्हा अंथरूण ओलं करतात, आईला चिकटतात, तोच बुडण्याचा खेळ पुन्हा पुन्हा खेळतात. खेळू द्या, शेजारी बसा आणि खेळात सुटकेची वाट सुचवा. कुणी गेलं असेल तर ‘गावाला गेलेत’ सांगू नका. ‘मेले, आता परत येणार नाहीत, तुझ्यामुळे नाही’ असं सोप्या शब्दांत सांगा. शाळा जितकी लवकर सुरू होईल तितकं बरं. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा, आणि मुलाला तीच गोष्ट दहा जणांपुढे सांगायला लावू नका.

‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे सरळ विचारा. विचारल्यानं डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडू नका आणि उसावर, तंबाखूवर मारायचं औषध, उरलेल्या गोळ्या, दोर त्याच दिवशी घराबाहेर हलवा. आणीबाणीची लाट बहुतेकदा थोडाच वेळ टिकते. त्या वेळात हाताशी काही नसणं हेच वाचवतं.

दरवर्षीचा तो दिवस

जुलै-ऑगस्ट आला, धरणातून पाणी सोडल्याची बातमी लागली, अपघाताची तारीख जवळ आली की बरा झालेला माणूसही पंधरा दिवस आधीपासून विस्कटायला लागतो. हा आजार परतला असं नसतं. कॅलेंडरवर त्या पंधरवड्यावर खूण करा. त्या काळात मोठे व्यवहार, रात्रपाळी, एकटं झोपणं टाळा. श्वासाचा सराव दुप्पट करा. गोळी चालू असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरला भेटा. नदीकाठच्या घरात महत्त्वाची कागदपत्रं, औषधं, टॉर्च, दोन दिवसांचे कपडे एका वॉटरप्रूफ पिशवीत भरून दाराजवळ टांगा, आणि जनावरं कुठे हलवायची ते घरात बोलून ठेवा. पत्र्यावर पाऊस वाजू लागला की नजर त्या पिशवीवर जाते, तारीख मोठ्यानं म्हणायची, आणि पडून राहायचं.